बोट लागायच्या आधी : एका जहाजसफरीचा प्रकरण अभ्यास

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. रात्री सव्वादहाला फोन वाजला. सहकारनगरमधल्या माझ्या दवाखान्यात गेली पंधरा वर्षं येणाऱ्या एका कुटुंबातला मुलगा बोलत होता. जहाजावरच्या वायफायमुळे आवाज तुटत होता, पण मागून येणारा कोरड्या ओकाऱ्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "डॉक्टर, आईला बोट लागलीय. सकाळपासून घोटभर पाणी टिकत नाहीये. उलटीची गोळी दोनदा दिली, काही फरक नाही. माझ्याकडे अवोमिनची, म्हणजे गाडी लागण्यावरच्या गोळीची, पट्टी आहे, देऊ का?"

मी म्हटलं, एक द्या, त्यांना आडवं करा, डोकं हलू देऊ नका, आणि जहाजावरच्या डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता दाखवा.

यातला शेवटचा सल्ला बरोबर होता. पहिला अपुरा होता. ती पट्टी घरातल्या आणखी कोणाच्या हाती जाणार आहे, हे मी विचारलं नाही. त्याची किंमत दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाने मोजली. हे लिहायला त्या आईंनी, म्हणजे काकूंनी, स्वतःहून परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दुखणं, औषधं आणि चुका आहेत तशाच ठेवल्या आहेत.

पूर्वइतिहास

काकू ६१ वर्षांच्या. माहेर दापोलीकडचं, सासर पुण्यातलं. शाळेत ३२ वर्षं भूगोल शिकवला. रक्तदाबाची एक गोळी रोज. तिशीच्या आधीपासून अर्धशिशी, ती पन्नाशीनंतर बरीच कमी झालेली. काका ६८ वर्षांचे. प्रोस्टेट वाढलेलं, रात्रीतून तीनदा उठावं लागायचं, म्हणून युरॉलॉजिस्टची गोळी चालू होती. ही नोंद माझ्याच फायलीत होती.

काकूंना गाडी लागते हे सगळ्या नातेवाइकांत माहीत होतं. लहानपणी वरंधा घाटातून जाणाऱ्या एसटीत त्या हातात लिंबू आणि मांडीवर पिशवी घेऊन बसायच्या. भोर सुटलं की कपाळ पुढच्या सीटच्या दांड्याला टेकवायचं, डोळे खाली, आणि महाड येईपर्यंत मान वर करायची नाही, अशी आईची शिकवण होती. लग्नानंतर माहेरी जाणं हळूहळू वर्षातून एकदावर आलं. "ताम्हिणीच्या पलीकडे माझं माहेर आहे हे मी विसरायलाच लागले होते," असं त्या एकदा म्हणाल्या. एक माणूस अर्धं आयुष्य प्रवास टाळत जगतो आणि घरातले 'तिला पित्ताचा त्रास आहे' म्हणून विषय संपवतात, याचं मला फार वाईट वाटतं. या दुखण्याला आपण कधी दुखणं मानतच नाही.

नीट विचारल्यावर तीन गोष्टी कळल्या. गाडीत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसलं तर त्रास जवळजवळ नाही. रेल्वेत उलट्या तोंडाची जागा मिळाली तर लोणावळ्याच्या आतच मळमळ. आणि माहेरच्या झोपाळ्यावर नुसतं बसलं तर काही होत नाही, पण हातात पुस्तक घेतलं की पाच मिनिटांत तोंडाला पाणी सुटतं. पोटाचा काही संबंधच नव्हता. सगळा गोंधळ डोळे आणि कान यांच्यातला होता.

पहिली सफर

काकूंच्या साठीनिमित्त मुलाने मुंबई-गोवा जहाजाचं बुकिंग केलं. मनापासून केलं, म्हणून सगळ्यात चांगली खोली घेतली : वरचा मजला, जहाजाच्या पुढच्या टोकाला, बाल्कनीसह. बोट लागणाऱ्या माणसासाठी यापेक्षा वाईट खोली त्या जहाजावर नसेल. बागेतला सीसॉ आठवून पाहा. टोकावरचं मूल हातभर वर-खाली होतं, मधल्या आडव्या दांड्यावर बसलेलं जागेवरच असतं. जहाजही तसंच मधोमध आणि पाण्याच्या पातळीजवळ सगळ्यात कमी हलतं. पुढचं टोक लाटेवर चढतं-उतरतं, आणि जितकं वर जावं तितका दोन्ही बाजूंचा झोका मोठा.

निघायच्या आदल्या रात्री आवराआवरीत काकूंना चार तास झोप मिळाली. सकाळी एक्स्प्रेसवेने मुंबई. काकू मागच्या सीटवर, खाली मान घालून फोनवर साठीचे फोटो पाठवत. जहाजावर पोचल्याबरोबर भरपेट जेवण. संध्याकाळी जहाज बंदरातून हललं तेव्हा सगळे डेकवर होते, काकूही होत्या आणि छान होत्या. मुंबईचं बंदर तिन्ही बाजूंनी आडोशात आहे, तिथे लाट मोठी नसते. "आई, बघ, तुला काही होत नाहीये," असं मुलगा म्हणाला, आणि त्या विश्वासावर कोणी औषधाचा विचारही केला नाही.

मेच्या शेवटी अरबी समुद्रात नैर्ऋत्येकडून पावसाळी वारं जोर धरायला लागलेलं असतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या ओढून वर घेतल्या जातात आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच पुन्हा आत जातात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ती माणसं त्या दिवसांत पाण्याकडे कशी बघतात, एवढा विचार बुकिंगची तारीख घेताना केला असता तरी बरंच टळलं असतं. रात्री दहानंतर जहाज उघड्या समुद्रावर आलं आणि लांब, संथ लाटा सुरू झाल्या.

काकूंनी भीतीने बाल्कनीचा पडदा लावून घेतला आणि टीव्ही लावला. डोळ्यांना चार भिंती आणि स्थिर पडदा, कानांना सतत हेलकावे. पहाटे मळमळ. सकाळी मुलाने 'जरा चाललीस की बरं वाटेल' म्हणून वर नाश्त्याला नेलं, लिफ्टचं दार उघडताच तळणाचा वास आला, आणि पहिली उलटी तिथेच झाली. मग घरून आणलेली उलटीची गोळी, म्हणजे ऑनडान्सेट्रॉन. चार तासांनी तीच पुन्हा.

इथे थांबून सांगायला हवं, कारण ही चूक मी जवळजवळ प्रत्येक घरात बघते. ऑनडान्सेट्रॉन उत्तम औषध आहे. केमोथेरपीच्या उलट्या, पोट बिघडल्यावरच्या उलट्या ते थांबवतं, कारण त्या उलट्यांचा निरोप ज्या रसायनामार्फत मेंदूकडे जातो त्याची वाट ते अडवतं. बोट लागल्यावरचा निरोप आतल्या कानाकडून वेगळ्या वाटेने जातो आणि तिथे हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन ही रसायनं काम करतात. म्हणून या त्रासात ऑनडान्सेट्रॉनचा उपयोग होत नाही, डोमपेरिडोनचाही नाही. मेडिकलवाल्याकडे 'उलटीची गोळी द्या' एवढंच म्हटलं तर मात्र बहुधा यांपैकीच एखादी हातात पडते.

रात्री माझ्या सांगण्यावरून अवोमिन दिली. ती योग्य वर्गातली गोळी होती, पण अठरा तास उशिरा. मळमळ एकदा सुरू झाली की जठर आपलं काम जवळपास थांबवतं, आत गेलेली गोळी पुढे सरकतच नाही. काकूंची वीस मिनिटांत बाहेर पडली. मध्यरात्री जहाजावरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणि त्या झोपल्या. गोवा त्यांनी काचेतून पाहिलं.

त्याच रात्री काकांनी पट्टीतली एक गोळी घेतली. त्यांना काही होत नव्हतं. "आपल्यालाही लागायला नको," एवढाच विचार. अवोमिन म्हणजे प्रोमेथाझिन. ते झोप आणतं, तोंड कोरडं करतं, आणि मूत्राशयाचं आकुंचन ढिलं करतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने तुंबू शकते. काकांची तुंबली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं आणि जहाजावरच कॅथेटर (लघवी काढणारी नळी) घालावा लागला. पुण्याला परत येताना काका मागच्या सीटवर पिशवी सांभाळत बसले होते. चार दिवसांनी युरॉलॉजिस्टनी कॅथेटर काढला आणि पुढे सगळं ठीक झालं.

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण प्रवासाच्या गोळीबद्दल कोणीही विचारलं की आता मी आधी विचारते : घरात कोण कोण घेणार आहे?

मुळात होतं काय

आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, त्या डोकं कुठे वळलं ते सांगतात. शेजारी दोन इवल्या पिशव्या, त्यांत चुन्याचे सूक्ष्म कण. आपण वर गेलो, खाली आलो, पुढे ढकललो गेलो, हे त्या कणांच्या भारावरून कळतं. डोळे आणि पायांचे सांधे आपापली खबर देत असतात. रोजच्या जगण्यात या सगळ्यांचं एकमत असतं. बंद खोलीत जहाज वर उचललं जातं तेव्हा कान म्हणतो 'हललो', डोळा म्हणतो 'भिंत जागेवर आहे'. या भांडणाचा शेवट मळमळीत होतो. ज्यांच्या दोन्ही आतल्या कानांचं हे काम पूर्ण बंद पडलेलं असतं त्यांना कितीही हलवलं तरी बोट लागत नाही. पित्ताचा दोष असता तर त्यांनाही लागली असती.

हलण्याच्या वेगाचाही भाग आहे. चालताना डोकं सेकंदाला साधारण दोनदा वर-खाली होतं, त्याचा कोणाला त्रास होत नाही. सगळ्यात वाईट हेलकावा म्हणजे साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारा, आणि समुद्राच्या लांब लाटा नेमक्या त्याच्या आसपास असतात. घाटात निदान चहाला गाडी थांबवता येते. समुद्रावर उतरायला जागा नसते.

दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा त्रास होत नाही, त्यानंतर साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सगळ्यात जास्त. पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक, आणि अर्धशिशी असलेल्यांना तर बराच अधिक. मराठीत गाडी 'लागते', बोट 'लागते', जसं ऊन लागतं, थंडी लागते. त्रास बाहेरून येऊन लागतो, हे भाषेला आधीपासून ठाऊक आहे. लागलेल्या माणसाला मात्र आपण नाजूक ठरवतो.

सप्टेंबर ते जानेवारी

गणपती झाल्यावर काकू एकट्याच दवाखान्यात आल्या. रक्तदाब तपासला, गोळ्या लिहून दिल्या, तरी उठेनात. मग टेबलावरचा जुना लॅब रिपोर्ट पालथा करून त्यांनी माझ्याच पेनने एक गोल काढला, त्याच्या आत दुसरा, आणि बाहेरच्या रेघेवर बारीक काटे काढले. "कंकणद्वीप. मध्ये उथळ पाणी, कडेला प्रवाळाची भिंत, बाहेर खोल समुद्र. हे चित्र मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल सांगा. मला लक्षद्वीप बघायचंय, डॉक्टर. पण त्या जहाजावरची रात्र आठवली की पोटात गोळा येतो."

जानेवारीची मुंबईहून निघणारी लक्षद्वीपची सफर ठरवली. हिवाळ्यात अरबी समुद्र एरवीपेक्षा बराच शांत असतो. हातात साडेतीन महिने होते.

आधी कान तपासले, डोकं वळवून चक्कर येते का ते पाहिलं, ऐकू नीट येतं याची खात्री केली. साठीनंतर 'मला गाडी लागते' या एका वाक्याखाली कानाचे दुसरे आजारही लपतात. मग त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ज्यांच्या डोळ्यातलं पाणी वाहून जायचा कोन अरुंद आहे अशांना या वर्गातल्या गोळ्यांनी काचबिंदूचा झटका येऊ शकतो. काकूंचे डोळे चांगले निघाले.

खोली बदलली. मधला भाग, खालच्या मजल्यांपैकी एक, बाहेर दिसणारी गोल खिडकी. ती बाल्कनीच्या खोलीपेक्षा बरीच स्वस्त पडली, आणि आईला कमी प्रतीचं देतोय असं वाटून मुलाला उलट चुटपुट लागली. मी त्याला सीसॉचं उदाहरण पुन्हा सांगितलं. जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावं-उजवं डोलणं कमी करतात. पुढून-मागून होणारं चढणं-उतरणं त्यांनी फारसं थांबत नाही, आणि जहाज नांगरून उभं असलं की त्यांचा उपयोग कमीच. म्हणून मधली खोली.

मला सगळ्यात जास्त भरवसा होता तो सवयीवर. मेंदू हे भांडण मिटवायला शिकतो, जहाजावर बहुतेकांना दोन-तीन दिवसांत ते जमतं. ती शिकवणी घरीच सुरू केली. काकूंच्या घरात हॉलमध्ये कड्यांचा झोपाळा आहे. पहिला आठवडा रोज पाच मिनिटं, नजर खिडकीबाहेरच्या नारळाच्या शेंड्यावर. दुसऱ्या आठवड्यात डोळे मिटून. तिसऱ्यात हातात वर्तमानपत्र, पण फक्त मथळे. मळमळीची पहिली चाहूल लागली की थांबायचं, ताणायचं नाही. एकदा नातवासमोर हट्टाने दहा मिनिटं वाचत बसल्या आणि संध्याकाळभर आडव्या झाल्या. तेवढा एक दिवस सोडला तर नोव्हेंबरपर्यंत त्या अग्रलेख वाचत होत्या.

त्यांच्याच सोसायटीत नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले. त्यांनी काकूंना कट्ट्यावर बसवून सांगितलं की नौदलातही बोट लागते, चांगल्या दांडग्या पोरांना लागते. ब्रिटिशांचा ॲडमिरल नेल्सन आयुष्यभर जहाजावर राहिला आणि त्याला आयुष्यभर बोट लागत राहिली. काकूंनी हे मला दोनदा सांगितलं. माझ्या झोपाळ्याच्या तक्त्यापेक्षा त्यांना याचा आधार जास्त वाटला असावा, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

डिसेंबरात रंगीत तालीम केली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट), साधारण तासाभराचा प्रवास, गोळी न घेता. काकू उघड्या डेकवर उभ्या राहिल्या, पाय थोडे फाकवून, नजर समोरच्या डोंगरांवर. मांडवा आलं तेव्हा त्यांच्या हातातला आलेपाकाचा तुकडा अजून कागदातच होता.

आलेपाकाबद्दलही बोलायला हवं. आल्याने मळमळीला थोडाफार उतार पडतो असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत दिसलं नाही. त्याचा अपाय नाही, चव ओळखीची, तेव्हा खुशाल जवळ ठेवा. मनगटाच्या पट्ट्याचंही तसंच. तो पट्टा मनगटाच्या रेघेच्या तीन बोटं वर, दोन कंडरांमध्ये (दोरीसारख्या हाताला लागणाऱ्या स्नायूंच्या टोकांमध्ये) दाबतो. काकूंना हवा होता, मी नको म्हटलं नाही. मात्र या दोन्हींच्या भरवशावर गोळी टाळू नका, एवढं बजावलं.

गोळी अवोमिनच, २५ मिलिग्रॅमची. लांबच्या प्रवासासाठी ती आदल्या रात्री झोपताना घ्यायची आणि गरज असेल तोवर रोज रात्री एक. प्रवास छोटा असेल तर निघायच्या एक-दोन तास आधी. नोव्हेंबरातल्या एका रविवारी काकूंना ती घरीच घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत डोकं जड होतं, मग मोकळं झालं. हे पुण्यात कळलेलं बरं, जहाजाच्या जिन्यावर नव्हे. झोपेची ही गुंगी वयस्कर माणसाला पाडू शकते, आणि सोबत दारू घेतली तर ती आणखी चढते. गोळी घेतलेल्याने गाडी चालवायची नाही, म्हणून मुलाला पट्टीला हात लावायची बंदी. सिनारिझिन हा दुसरा पर्याय होता, त्याने झोप कमी येते. पण काकूंच्या आईला कंपवात होता आणि ते औषध तशी लक्षणं उमटवू शकतं, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. परदेशात कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी मिळते, तिचा परिणाम तीन दिवस टिकतो. पण प्रोस्टेट आणि काचबिंदू यांचा धोका तिथेही आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला तिने भ्रमही होऊ शकतो.

काकांसाठी लिहून दिलं : काहीही घ्यायचं नाही. त्यांना आयुष्यात कधी बोट लागली नव्हती. आठ वर्षांच्या नातवाला बालरोगतज्ज्ञांनी वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिली, ती फक्त लागली तरच. शिवाय खोलीत व्हिडिओ गेम नाही, दिवसा डेकवर.

आणि सुनेला एक काम दिलं. काकूंच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवायचं. बोट लागायच्या आधी माणूस जांभया देतो, त्याचा चेहरा पांढुरका पडतो, कपाळावर गार घाम येतो, तोंडाला पाणी सुटतं. उलटी बऱ्याच वेळाने होते. तीन जांभया सलग आल्या की विचारत बसायचं नाही, उघड्यावर न्यायचं आणि क्षितिजाकडे बघायला लावायचं.

दुसरी सफर

निघायच्या आदल्या रात्री काकूंनी साडेआठला मऊ भात आणि मेतकूट खाल्लं, नऊला गोळी घेतली, झोपल्या. सकाळी गाडी नाही, डेक्कन क्वीन, आणि जागा तोंड पुढे असलेली. जहाजावर पहिलं जेवण अर्धं. रिकामं पोटही मळमळवतं, म्हणून पर्समध्ये राजगिऱ्याच्या वड्या आणि कोरडे मुरमुरे, दर दोन-तीन तासांनी चार घास.

पहिल्या रात्री त्या झोपल्या. दुसरा दिवस पूर्ण पाण्यावर गेला. सकाळी अकराच्या सुमाराला सुनेने दोन जांभया मोजल्या, तिसरी येऊ दिली नाही. दोघी मधल्या डेकवर खुर्च्या टाकून बसल्या, डोकं मागे टेकवून, श्वास हळू आणि मोजून. पाऊण तासात काकू म्हणाल्या, "चहा सांग." गोळी त्या रात्रीही घेतली. तिसऱ्या रात्री घेतली नाही, लागलीही नाही.

सगळं मात्र सुरळीत झालं नाही. बेटाजवळ मोठं जहाज प्रवाळाच्या भिंतीबाहेर थांबतं आणि माणसं छोट्या बोटीने आत जातात. तिच्या उड्या वेगळ्याच, वर डिझेलचा धूर. मी छोट्या बोटीचा विचारच केला नव्हता. काकूंना तिथे गार घाम फुटला, हात थंडगार पडले. मुलाने त्यांना उचलून मागच्या बाजूला, धुराच्या वाऱ्याबाहेर बसवलं आणि किनाऱ्यावरचे माड दाखवत राहिला. एक उलटी झाली. काकू सांगत होत्या, "ती झाली आणि मी मान वर केली, तर पाण्याचा रंग बदललेला. गडद निळा तिथेच संपला होता. रेघ मारल्यासारखा." वाळूवर उतरल्यावर त्यांनी नातवाला काठीने ते कंकण काढून दाखवलं. पोरगा मन लावून ऐकत होता म्हणे.

परतीच्या छोट्या बोटीत त्या आधीच मागे, कडेला बसल्या. काही झालं नाही.

जहाजावर कोणाला बोट लागली की सगळ्या उलट्या त्याच खात्यात टाकल्या जातात, तसं करू नका. जुलाब आणि ताप असेल तर तो पोटाचा संसर्ग, जहाजांवर तो झपाट्याने पसरतो. छातीत दुखणं, बोलणं जड होणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, अचानक एका कानाने ऐकू न येणं यांतलं काहीही असेल तर लगेच डॉक्टर. उलट्या थांबत नसतील आणि सहा-आठ तास लघवी झाली नसेल तरीही, खासकरून मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन. "डॉक्टर, घर हलतंय. ओट्याशी उभी राहिले तर पायाखालची फरशी वर येते." लाटांची सवय झालेल्या मेंदूला आता फरशी नवीन होती. एक-दोन दिवसांत जातं, महिनाभर टिकलं तर मात्र तपासावं लागतं, असं मी सांगितलं. त्यांचं दीड दिवसात गेलं.

आठवड्याने काका-काकू दोघे आले. काकांनी बाहेर बाकावर बसून पेपर उघडला. काकू आत आल्या, पर्समधून अवोमिनची पट्टी काढली, काही गोळ्या फोडलेल्या, बाकीच्या तशाच, आणि माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुमच्याकडेच राहू द्या. घरात ठेवली तर हे घेतील." मग दाराकडे बघून आवाज खाली केला आणि विचारलं, "वरंधा घाटातून दापोलीला जायचं असेल तर एसटीत कुठली जागा घ्यायची?"

मी पुढची, उजवीकडे ड्रायव्हरच्या मागची नव्हे, डावीकडची, जिथून रस्ता दिसतो ती सांगितली. त्यांनी ती पर्समधल्या डायरीत लिहून घेतली.